दाहिनी येईल, पण मौतीला आलेली माणसे बसणार कुठे?

संपादक महोदय,

स्मशानभूमीच्या नूतनीकरणाचा विषय निघाला की आपल्याकडे चर्चा दोनच गोष्टींवर होते : दाहिनी गॅसची की विजेची, आणि चिमणी किती उंच. लाकूड वाचले पाहिजे, यात वादच नाही. एका चितेला तीन-चार क्विंटल लाकूड जाते, ते खान्देशात आता आणायचे कुठून? पण सारी नोकरी बांधकाम खात्यात गेल्यामुळे एक गोष्ट डोळ्यांत खुपते. अंदाजपत्रकात चौथरा असतो, पत्र्याचे शेड, पोहोच रस्ता, संरक्षक भिंत, फार तर पेव्हर ब्लॉक. मौतीला आलेल्या माणसासाठी त्यात एक ओळही नसते.

मे महिन्यात एका तालुक्याच्या गावी नात्यात मौत झाली. पारा ४५ च्या घरात. पाहुणे धुळे, नंदुरबारहून यायचे, म्हणून अंत्ययात्रा दुपारीच निघाली. शेड होते, पण चितेवर. अग्निडाग दिल्यावर त्या आचेत शेडखाली कोण थांबणार? माणसे सरकत सरकत भिंतीच्या वीतभर सावलीला लागली. कवटी फुटल्याशिवाय निघायचे नाही हा रिवाज, म्हणजे तास-दीड तास सहज. नळाला तोटी नव्हती. सत्तरीच्या एक मावशी कुणाच्या तरी मोटारसायकलला टेकून विचारत होत्या, ‘भाऊ, आठे पानी शे का?’ तेवढ्यात दुसरी अंत्ययात्रा आत आली. इकडे माईकवर श्रद्धांजलीची भाषणे (आपल्याकडच्या वक्त्यांना आवरणे यमालाही जमलेले नाही), आणि तिकडे दहा पावलांवर एक कोवळा पोरगा खांद्यावर मडके घेऊन बापाभोवती फिरत होता. त्याचा हंबरडा भाषणात बुडून गेला.

यावरचे उपाय महाग नाहीत. आत येण्याची आणि बाहेर पडण्याची वाट वेगळी ठेवावी, दोन चौथऱ्यांच्या मध्ये झाडांची आड घालावी. उन्हाळ्यात आपल्याकडे वारा पश्चिमेचा. म्हणून बैठक चितेच्या पश्चिमेला घ्यावी, म्हणजे धूर पलीकडे जातो, आणि मावळतीचे ऊन अडवायला तिच्या मागे कडुनिंबाची रांग लावावी. आता लेकी-सुनाही खांदा देतात, अग्निडाग देतात. त्यांच्यासाठी स्वच्छतागृह किती स्मशानभूमींत आहे, हे एकदा मोजून पाहावे.

गॅसदाहिनी बसवली तरी लोक लाकडाकडे वळतात, याला अडाणीपणा म्हणून मोकळे होणे सोपे आहे. माझ्या मते बराचसा दोष नकाशाचा आहे. ट्रॉली आत जाते, लोखंडी दार खाली येते आणि मुलाच्या हाती करण्यासारखे काही उरत नाही. दारासमोर प्रदक्षिणेपुरती मोकळी जागा हवी, मडके फुटल्यावर पाणी वाहून जाईल अशी उताराची फरशी हवी, देह आत जाण्याआधी कापूर पेटवून अग्निडाग देता यावा. दाहिनीतून अस्थी काही तासांतच मिळतात, पण सावडायला घरचे तिसऱ्या दिवशी येतात. तोवर नाव लिहिलेले मडके ठेवायला कुलपाचे कपाट आणि सावडण्यासाठी ओटा, इतके केले तरी पुष्कळांचा संकोच जाईल.

उदाहरण तापीकाठीच आहे. सुरतच्या अश्विनीकुमार स्मशानभूमीची इमारत अहमदाबादचे वास्तुविशारद गुरजित सिंग मथारू यांनी गिलावा न केलेल्या काँक्रीटमध्ये उभी केली. सुरतच्याच उधना-लिंबायत भागात खान्देशी माणसांची वस्ती मोठी, त्यामुळे तिथे मौतीला जाऊन आलेले लोक आपल्या गावोगावी भेटतील. काय सोयीचे वाटले, काय नाही, ते त्यांना विचारता येईल. स्टॉकहोमला गुन्नार आस्प्लुंड यांनी बांधलेल्या १९४० च्या दाहगृहात दोन लहान प्रार्थनागृहांना स्वतंत्र प्रतीक्षाखोली आणि स्वतंत्र अंगण दिले आहे, म्हणजे एका घरची माणसे दुसऱ्या घरच्यांवर येऊन आदळत नाहीत. आपल्याला तेवढा खर्च नको. मधली आड आणि दोन फाटके पुरेत.

नगरपालिकांना विनंती एवढीच, की निविदा काढण्याआधी नकाशा सूचना फलकावर लावावा. वैकुंठरथाचा चालक, लाकडे रचणारा, दहाव्याचे विधी करणारे गुरुजी आणि गावातल्या चार बायका यांना तो जागेवर नेऊन दाखवावा. तेही भर दुपारी दोन वाजता.

आपला,
एक निवृत्त शाखा अभियंता, जि. जळगाव