मार्फत ९९ एपीओ : माजी सैनिक कल्याण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, माजी सैनिक कल्याण,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई.

महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. सध्या साताऱ्यात राहते, माहेर माण तालुक्यातलं. माझ्या आईच्या पत्र्याच्या ट्रंकेत १९७१च्या युद्धाच्या वेळी फौजेतून आलेली अकरा पत्रं आहेत, त्यांच्यासाठी आपल्याला लिहिते आहे. घरचं थोडं सांगावं लागेल, त्याशिवाय मागणी कळणार नाही.

१९७१ साली मी चौदा वर्षांची होते. आमच्या गावातली दहा-बारा माणसं फौजेत होती, तेवढीच मुंबईला गिरणीत. मागं उरलेल्या बायकांपैकी बहुतेकींना अक्षरओळख नव्हती. गुरुजींकडून पत्र वाचून घ्यायला त्या लाजत, कारण नवऱ्याचं पत्र परक्या पुरुषाच्या तोंडून ऐकायचं कसं! म्हणून त्या माझ्याकडे येत. दुपारी जेवणं उरकली की आमच्या ओसरीवर कुणी ना कुणी पदराखालून पत्र काढायची.

माझा थोरला भाऊ जंगी पलटणीत होता, म्हणजे पहिल्या मराठा लाइट इन्फंट्रीत. गावातले आणखी दोघे त्याच पलटणीत होते. पत्ता लिहायचा तो नंबर, नाव, पलटण आणि 'मार्फत ९९ एपीओ', म्हणजे फौजेचं पोस्ट. गावाचं नाव नाही, जिल्हा नाही. "ह्यो नव्याण्णव कुठं आला गं?" असं एका काकीनं विचारलं, तेव्हा मी शाळेतल्या नकाशावर शोधायला गेले होते. ९९ म्हणजे कलकत्त्याच्या बाजूचं टपाल, एवढंच गुरुजी सांगू शकले. आमची माणसं गारो टेकड्यांच्या पायथ्याशी उभी आहेत, समोर ब्रह्मपुत्रा आहे, हे आम्हाला फार नंतर कळलं.

त्या वर्षी आमच्याकडे पाऊस नव्हता. पुढे बहात्तरचा दुष्काळ म्हणून सगळ्या महाराष्ट्राला जो माहीत झाला, तो माणदेशात आधीच येऊन बसला होता. विहिरीनं तळ गाठला, बैलजोडी म्हसवडच्या बाजारात विकली, हे सगळं बायका मला सांगत आणि मग म्हणत, "ह्यातलं काय बी लिवू नगंस. शेरडी व्याली, दोन पाटी झाल्या, तेवढं लिव्ह." पाकिटावर नोव्हेंबरपासून पाच पैशांचं जादा तिकीट लावावं लागे, शरणार्थी सहायतेचं. मुंबईच्या पत्रांनाही ते लागायचं. पूर्व बंगालातून एक कोटीच्या आसपास माणसं घरदार सोडून आपल्याकडे आली होती, त्यांच्यासाठी तो पैसा होता. हे समजावून सांगितल्यावर एका म्हातारीनं कनवटीचे पाच पैसे काढून दिले आणि विचारलं, "त्येंच्याकडं पाणी हाय का?" हा प्रश्न मी कधीही विसरले नाही.

आता खरी गोष्ट. माझ्या भावाचं शिक्षण चौथीपर्यंतचं, लिहिण्याचा कंटाळा. बाकीच्या दोघांना लिहिताच येत नव्हतं. पण तिघांचीही पत्रं एकाच हातची यायची. पलटणीतला कुणीतरी तिघांना लिहून द्यायचा. अक्षर उजवीकडं झुकलेलं, शिरोरेघ अजिबात नाही, पण वाचायला कधी अडचण पडली नाही. शेवटी घडीच्या कडेला बारीक अक्षरात एक ओळ असे : 'पत्र वाचून दाखवणाऱ्यास नमस्कार.'

ही ओळ मी मोठ्यानं वाचत नसे. ती माझी होती.

पहिल्यांदा ती दिसली तेव्हा मी उत्तराच्या शेवटी लिहिलं, 'पत्र लिहून देणाऱ्यास नमस्कार.' पुढच्या पत्रात तिथून आलं : 'आशीर्वाद शब्दात शी दीर्घ आहे.' मी कायम ऱ्हस्व लिहायची. खूप लाज वाटली, आणि खूप आनंदही झाला, कारण एवढ्या लांबून कुणीतरी माझं लिहिलेलं लक्ष देऊन वाचत होतं. त्याचं नाव मला माहीत नव्हतं, माझं त्याला नव्हतं. सहा-सात महिने आम्ही दोघं तीन घरांच्या खुशालीच्या कडेला एकेक ओळ लिहीत राहिलो. शाळेत पुढं चौतीस वर्षं मी तो शब्द फळ्यावर लिहिला आणि दर वेळी दीर्घ वेलांटीपाशी हात थोडा थांबला.

३ डिसेंबरला पाकिस्तानशी युद्ध पेटलं. ग्रामपंचायतीच्या रेडिओसमोर गाव बसायचं, बायका भिंतीच्या आडोशानं उभ्या. आमच्या गावात अजून वीज नव्हती, पण मुंबईत दिवे मालवतात असं कळल्यावर आजीनं आपण होऊन चिमणी फुंकून टाकली. टपाल थांबलं. तारवाला दिसला की सगळ्या गल्लीची दारं लागत, जणू दार लावल्यानं तार पुढच्या घरी जाईल.

पूर्व बंगालातल्या जमालपूरचं नाव आम्ही तेव्हा ऐकलं असेल, पण ते आपलं आहे हे कुठं ठाऊक होतं! ९ डिसेंबरला आपल्या फौजेच्या ब्रिगेडियर हरदेवसिंग क्लेर यांनी तिथल्या पाकिस्तानी पलटणीला, म्हणजे ३१ बलुचला, शरण येण्याबद्दल पत्र धाडलं. तिच्या कमांडरनं, लेफ्टनंट कर्नल सुलतान अहमदनं, उलट पत्रातून बंदुकीची गोळी गुंडाळून पाठवली. दहा-अकराच्या रात्री ती पलटण वेढा फोडून निघाली, तेव्हा तिच्या वाटेवर आमची माणसं मोर्चे धरून होती. अकराला जमालपूर पडलं आणि सोळाला ढाका. ते पत्र आणि ती गोळी इतिहासात नोंदली गेली आहे, आणि ती नोंदवायलाच हवी होती.

जानेवारीत एकाच दिवशी तीन पत्रं आली. तिघंही खुशाल. तिन्ही घरांनी गूळ वाटला. मी पहिलं पत्र उघडलं आणि अक्षरांवर शिरोरेघ दिसली. दुसऱ्यावर, तिसऱ्यावरही तीच. घडीची कड कोरी होती. समोर बायका हसत होत्या, कुणी डोळे पुशीत होती. मी नीट वाचून दाखवलं. रात्री आईनं विचारलं, पोरी जेवत का नाहीस, तर पोट दुखतंय म्हणाले.

भाऊ उन्हाळ्यात रजेवर आला, तेव्हा आम्ही सगळी दुष्काळी कामावर खडी फोडत होतो. तो वर्दीच्या पँटवरच शेजारी बसला आणि हातोडा घेतला. दुपारच्या सुट्टीत मी त्याला विचारलं. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, जमालपूरच्या रस्त्यावर, त्याच रात्री. लान्स नायक होता, दुसऱ्या जिल्ह्यातला. नावही सांगितलं. ते मी इथं लिहीत नाही, त्याच्या माणसांना न विचारता ते माझ्या हातून छापलं जाऊ नये.

मंत्रिमहोदय, त्याचं नाव कुठल्यातरी शिळेवर कोरलेलं असेलच. पण त्याचं अक्षर आमच्या गावात आहे, परक्या घरांत. त्याच्या घरी ते आहे की नाही, कोण जाणे. दुसऱ्यांची खुशाली लिहिता लिहिता स्वतःच्या घरी लिहायला त्याला किती वेळ मिळत होता, हे भावाला विचारायचं राहिलं. भाऊ आता नाही.

युद्धाला पन्नास वर्षं झाली तेव्हा विजयमशाल देशभर फिरली. परमवीर आणि महावीर चक्र मिळवणाऱ्यांच्या गावची माती दिल्लीला नेली. मला त्याचा अभिमान वाटला. पण पदक न मिळालेल्या घरांत जे आहे ते मातीसारखं टिकणारं नाही, कागद आहे. तीन घरांपैकी एक वाडा पाडला तेव्हा गाठोडं राडारोड्यात गेलं. दुसऱ्या घरातली बाई पंच्याऐंशीच्या पुढं आहे. तिनं पत्रं उशाखाली ठेवली आहेत, घड्यांवर कागद तुटलाय. ती वाचू शकत नाही, पण कुठलं पत्र कोणतं हे तिला डागांवरून कळतं.

आमच्याच सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावानं पहिल्या महायुद्धात ४६ माणसं गमावली. त्या युद्धात फ्रान्समधून हिंदी सैनिकांनी घरी धाडलेल्या पत्रांतले उतारे इंग्रज सेन्सॉरनं इंग्रजीत उतरवून घेतले. ते संशयापोटी केलं, तरी ते कागद आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत जपलेले आहेत, अभ्यासक तिथं जाऊन वाचतात. स्वतंत्र देशासाठी लढलेल्यांची पत्रं त्यांच्याच मराठीत, त्यांच्याच अक्षरात, आपल्याला जपता येणार नाहीत का?

दोन वर्षांपूर्वी मी ही पत्रं घेऊन एका सरकारी कार्यालयात गेले होते. तिथल्या माणसानं अदबीनं बसवलं, चहा दिला आणि म्हणाला, "बाई, पेन्शनचं काही असेल तर सांगा, ह्याचा आपल्याकडं अर्ज नाही." त्याच्यावर माझा राग नाही. अर्ज खरोखरच नाही. तो आपण काढावा.

प्रत्येक जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे माजी सैनिकांच्या आणि वीरपत्नींच्या याद्या आहेत. त्या याद्या घेऊन घरोघरी माणूस पाठवा. पत्राची प्रत तिथल्या तिथं काढा आणि मूळ पत्र घरीच राहू द्या. सरकारी कपाटात ते अडकलं तर त्या बाईच्या उशाखाली काय राहील? ज्या बोलू शकतात त्यांचं बोलणं ध्वनिमुद्रित करा, आणि त्यांच्याच बोलीत. आणि पलटणीप्रमाणे हे सगळं असं लावा, की एका जिल्ह्यातल्या माणसाला दुसऱ्या जिल्ह्यातल्या घरात आपल्या बापाचं अक्षर सापडावं. मला येतं ते काम मी करीन. जुनी, पुसट, घाईची अक्षरं मला लागतात. मानधन नको.

डिसेंबरातल्या ध्वजदिनाची वाट बघू नका. त्या बाईला मोतीबिंदू आहे, आणि गेल्या महिन्यात भेटले तेव्हा तिनं मला दोनदा ओळखलं नाही.

माझ्याकडची अकरा पत्रं घेऊन मी येईन. कुठं यायचं तेवढं कळवा.

आपली,
माण तालुक्यातली एक निवृत्त शिक्षिका

ता. क. : कार्यालयात हे पत्र उघडून वाचणाऱ्यास नमस्कार.