नाणी आणा, मूर्ती नकोत: वाचनालयाच्या पुरातत्त्व प्रदर्शनासाठी आवाहन

सप्रेम नमस्कार.

जागतिक वारसा सप्ताहात, म्हणजे 19 ते 25 नोव्हेंबरला, गावच्या वाचनालयात पुरातत्त्वज्ञांवर एक प्रदर्शन भरवायचे ठरले आहे. जमिनीखालचा इतिहास कुणी शोधला आणि कसा शोधला, हे आजूबाजूच्या शाळांतल्या मुलांना दाखवायचे. त्यासाठी आपली मदत हवी.

हे आत्ताच का सुचले ते सांगायला जरा लाज वाटते. मे महिन्यात तळीकडच्या वीरगळाला, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या कोरीव स्मारकशिळेला, कुणीतरी चांदीरंगाचा ऑइलपेंट फासला. भक्तीनेच फासला, पण खालच्या पट्टीतली लढाई आता ओळखू येत नाही. त्याआधी देवळाच्या जीर्णोद्धारात दोन कोरीव चिरे भरावात गेले. तेव्हा आम्ही वाचनालयाच्या समितीतले तिघे तिथेच उभे होतो. कुणाच्याच तोंडून ‘थांबा’ निघाले नाही.

प्रदर्शनाची सुरुवात घरच्या माणसापासून आहे. दामोदर धर्मानंद कोसंबी 1907 साली गोव्यातच जन्मले. मूळचे गणिती. पण तक्षशिलेच्या साठ्यांतली आहत नाणी, म्हणजे ठसे ठोकून केलेली प्राचीन नाणी, त्यांनी तराजूत घातली. नाणे हातोहात फिरले की झिजते, जितके जास्त फिरले तितके हलके होते. म्हणजे वजनाच्या फरकावरून कोणते नाणे किती काळ चलनात होते याचा माग काढता येतो. एवढी साधी गोष्ट, पण ती गणिताच्या शिस्तीने तपासायला कोसंबी लागले. पुण्याभोवतीच्या टेकड्या पायी तुडवत त्यांनी गारगोटीची बारीक हत्यारे वेचली आणि वाटेवरच्या शेंदूर लावलेल्या देव्यांची चौकशी केली. आपल्या केळबायला शहाणी माणसे गजलक्ष्मी म्हणतात हे पुष्कळांना ठाऊक असते. पण ती नेमकी त्याच जागी का बसली, हा प्रश्न विचारायला कोसंबींनी शिकवले.

मुलांना हे नुसते वाचायला लावायचे नाही, करायला लावायचे आहे. गणपतीच्या सुट्टीत आम्ही प्रयोग करून पाहिला. बाजारातल्या एका सोनाराने आपला काटा तासभर दिला. 1975 ते 1982 या काळातला जाडजूड रुपया टांकसाळीतून निघतो तो 8 ग्रॅमचा. आमच्याकडचे बहुतेक आठाच्या खाली उतरले, आणि ज्याच्यावरचे सिंह गुळगुळीत झाले होते तो सगळ्यांत हलका. सातवीतली एक मुलगी तो रुपया परत द्यायला तयार होईना.

दुसरा मोठा फलक इनामगावचा. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी डेक्कन कॉलेजच्या सांकलिया, ढवळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1968 पासून 1983 पर्यंत ते गाव उकरले. राजवाडा नाही, सोन्याचा हंडा नाही. तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची घरे, चुली, धान्य साठवायच्या जागा. मूल दगावले तर दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यांत ठेवायचे आणि घराच्या जमिनीखालीच पुरायचे. हा फलक लहान मुलांसमोर लावावा की नाही यावर समितीत बराच खल झाला. लावायचा ठरला आहे, फक्त थोडा आतल्या बाजूला.

आगगाडीतून दिसलेले खडक पाहून उतरणारे आणि 1957 साली मध्य प्रदेशातल्या भीमबेटकाच्या चित्रगुहा उजेडात आणणारे विष्णू श्रीधर वाकणकर आहेत. गुजरातमधले सिंधू संस्कृतीचे लोथल शोधणारे एस. आर. रावही आहेत. द्वारकेचा समुद्र त्यांनी धुंडाळला तो आपल्या दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतून. गावातले कुणी तिथे नोकरीला असेल तर एक संध्याकाळ मुलांशी बोलायला यावे. आपल्या गोव्यातल्या चांदरला उत्खनन करणारे फादर हेन्री हेरास आहेत. त्या जागेवरचा मुंडके नसलेला नंदी आजही तिथेच आहे.

बाहेरच्यांपैकी कार्टर आणि तुतनखामेन सगळ्यांना माहीत आहेत, त्यांना एक छोटा फलक पुरे. खापरांच्या घडणीवरून काळाचा क्रम लावणाऱ्या फ्लिंडर्स पेट्रींना आम्ही जास्त जागा दिली आहे. ट्रॉय खणणाऱ्या श्लीमानवरून मात्र दोन तट पडले. टेकडी दाखवली फ्रँक काल्व्हर्टने, नाव झाले श्लीमानचे, आणि त्याने घाईघाईत मधले थर कापून काढले. शेवटी त्याला ‘असे खणू नये’ या फलकावर बसवले आहे, शेजारी चौकोन आखून थराथराने खणणारे मॉर्टिमर व्हीलर. हडप्पाच्या फलकावर दयाराम साहनी आणि मोहेंजोदडोच्या फलकावर राखालदास बॅनर्जी यांची नावे तेव्हाचे पुरातत्त्व खात्याचे प्रमुख जॉन मार्शलसाहेब यांच्यापेक्षा मोठ्या अक्षरांत येतील. त्यावर कुणाचेच दुमत नव्हते.

आता मागणे. फलकांची छपाई, काचेचे एक कपाट, ग्रॅमचे शंभरावे भाग दाखवणारा काटा आणि मुलांना उसगाळीमळला नेणारी बस, सगळे मिळून 72 हजारांचा खर्च आहे. 26 हजार जमले आहेत. उसगाळीमळची, कुशावती नदीच्या काठावरची ती चिऱ्यात कोरलेली प्राचीन चित्रे, बैल आणि ते चक्रव्यूहासारखे वर्तुळ, गावकऱ्यांच्या पायाखालचीच होती. पुरातत्त्व खात्यापर्यंत ती 1993 साली पोचली, तीही गावकऱ्यांनी दाखवली म्हणून. मुलांनी ती फोटोत न पाहता तिथे उकिडवे बसून पाहावी, एवढ्यासाठी बसचा हट्ट.

पैसे जमत नसतील तर घरातले जुने रुपये काही दिवसांपुरते द्या. वर्ष वाचता येईल असे हवेत, मोजून घेऊ आणि मोजून परत करू. आजोबांच्या पेटीतले देवळाचे, तळीचे, जुन्या घुमटीचे फोटोही आणा. आम्ही तुमच्यासमोरच त्यांची प्रत काढून मूळ फोटो लगेच परत देऊ. कोसंबी, सांकलिया यांची पुस्तके कुणाच्या कपाटात पडून असतील तर त्यांनाही इथे वाचक मिळतील.

मात्र मूर्ती, कोरीव दगड, शेतात सापडलेली खापरे कृपा करून आणू नका. वस्तू उचलली की ती कोणत्या थरात होती, तिच्या शेजारी काय होते, हे सगळे मागे राहते आणि हातात नुसता दगड उरतो. कुळागरात, विहीर खणताना काही दिसले तर हात न लावता आम्हाला बोलवा. जागेवर येऊन फोटो काढू आणि पुरातत्त्व खात्याला कळवू. कुणाची जमीन, कुणाचे माडांचे भाट, या वादात वाचनालय पडणार नाही.

देणगी वाचनालयाच्या टेबलावर संध्याकाळी 4 ते 7 या वेळात स्वीकारली जाईल, रविवारी बंद. मोबाइलवरून पैसे पाठवायचा कोडही टेबलावरच आहे. पावती मागून घ्या. फलक छपाईला दिवाळीआधी द्यायचे आहेत, त्यामुळे दसऱ्यापर्यंत कळवले तर बरे. आणि वीरगळावरचा तो रंग कुणी घासून काढायला जाऊ नये. ते काम जाणकारांकडून करून घेण्यासाठी आम्ही खात्याला अर्ज करणार आहोत. त्या अर्जावर सह्या हव्यात, कागद टेबलावर ठेवला आहे.

आपली,
वाचनालय समिती