जुन्या घड्याळाच्या जाहिरातीत सेल कधी बदलला तेही छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या दैनिकाच्या छोट्या जाहिरातींत हल्ली जुन्या मनगटी घड्याळांना बरीच जागा मिळते. त्यातली एक माझ्या भाच्याने कापून ठेवली आहे : ‘सिको कायनेटिक क्रोनोग्राफ, स्टील पट्टा, चालू स्थितीत, बॅटरीची कटकट नाही, रु. ९,५००.’ भाचा फुटबॉलचा पंच आहे. शाहू स्टेडियमवर दोन पेठांचा सामना लागला की शेवटच्या पाच मिनिटांत गॅलरीतला प्रत्येक माणूस पंचाच्या घड्याळावर शंका घेतो, त्यामुळे त्याला मनगटावर स्टॉपवॉचवालं घड्याळ हवंय. मी उद्यमनगरात लेथवर आयुष्य काढलं, म्हणून विचारायला माझ्याकडे आला : “मामा, घेऊ काय?”

कायनेटिक ही घड्याळाची जात उत्तम आहे, यात शंका नाही. सिकोने तिचा नमुना १९८६ साली स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या प्रदर्शनात दाखवला आणि १९८८ मध्ये ती बाजारात आणली. आपल्याकडे आखातातून येणारी ‘सिको फाइव्ह’ लोकांना माहीत आहे. तिच्यात स्प्रिंग असते आणि हात हलला की ती आपोआप गुंडाळली जाते. कायनेटिकमध्येही तसाच अर्ध्या चकतीचा वजनदार तुकडा फिरतो, पण तो स्प्रिंग गुंडाळत नाही. बारीक दात्यांच्या चाकांमधून तो एक इवलासा चुंबक गरगर फिरवतो आणि शेजारच्या कॉइलमध्ये वीज तयार होते. कंपनी या चुंबकाचा वेग मिनिटाला एक लाख फेऱ्यांपर्यंत सांगते. आमच्या लेथचा चक दोन हजारांवर गेला की आम्ही एक पाऊल मागे सरतो, हे इथे सांगावंसं वाटतं. घड्याळ कानाशी धरून हलवलं तर आतली घर्रर्र ऐकूही येते. ही वीज साठते आणि सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरणाऱ्या क्वार्ट्‌झ स्फटिकाला व काट्यांना पुरवली जाते.

अडचण आहे ती या साठवणीत. सुरुवातीच्या घड्याळांत त्यासाठी कॅपॅसिटर होता. वर्षं गेली तशी त्याची ताकद जायची, म्हणून कंपनीने पुढे लिथियमचा रिचार्जेबल सेल आणला. तोही काही अमर नाही. पण साठवण मेली तरी घड्याळ ‘चालतं’! विकणारा तुमच्यासमोर दहा-वीस वेळा मनगट झटकतो, काटा पळायला लागतो, तुम्ही खूश होऊन पैसे मोजता. रात्री काढून ठेवलं की सकाळी बंद. म्हणूनच ‘चालू स्थितीत’ हे शब्द चावीच्या एचएमटीबद्दल काहीतरी सांगतात, या घड्याळाबद्दल काहीच नाही.

भाच्याला मी सांगितलं ते असं. घड्याळ दिवसभर हातात वापरायचं, रात्री टेबलावर ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशीही हात लावायचा नाही. चार्ज संपत आला की बहुतेक कायनेटिकांचा सेकंदकाटा एकेक घर सरकायचं सोडून दोन-दोन सेकंदांच्या उड्या मारतो. दिवसभर वापरूनही सकाळी उड्या दिसल्या, तर सेलचा खर्च किमतीतून वजा झालाच पाहिजे. स्टॉपवॉचची बटणं सुरू, बंद, शून्य अशी दाबून बघायची, पण स्टॉपवॉचचा मोठा काटा बाराच्या एक घर अलीकडे थांबला म्हणून लगेच नाक मुरडायचं कारण नाही. बऱ्याच क्वार्ट्‌झ क्रोनोग्राफमध्ये चावी बाहेर ओढून बटणांनी काटा जागेवर आणता येतो. बटणच रुतत असेल, तर मात्र आत घाम आणि पाणी गेलेलं असू शकतं. तिथे मी हात आखडता घेईन.

एक गोष्ट मात्र कळकळीने लिहितो. या घड्याळात साधा बटण सेल बसवायचा नाही, कितीही मापात बसला तरी. घड्याळ त्याला चार्ज करायला जातं, आणि असा सेल फुटू किंवा गळू शकतो. मग मशीनच जातं. माझ्या ओळखीतल्या एकाच्या घड्याळात एका दुकानदाराने नेमकं हेच केलं, वर ‘आता वर्षभर बघायला नको’ असंही सांगितलं.

साल विचारलं की विकणारे ‘नवंच आहे हो’ म्हणतात. त्यांना विचारूच नका, मागचं झाकण बघा. सिकोच्या अनुक्रमांकाचा पहिला आकडा सालाचा शेवटचा आकडा असतो आणि दुसरा महिन्याचा. ऑक्टोबरला शून्य, नोव्हेंबरला एन, डिसेंबरला डी. म्हणजे ९ आणि एन दिसलं तर नोव्हेंबर १९९९ किंवा २००९. दशक मॉडेलवरून ताडावं लागतं. त्याच झाकणावर मशीनचा चार अक्षरी नंबरही असतो. त्याच्यावरून घड्याळजी सांगू शकतो की सेल मिळेल का आणि बसवायला काय पडेल.

संपादक महोदय, माझी विनंती एवढीच. मोटारसायकलच्या जाहिरातीत आपण मॉडेल आणि साल छापता, तसं अशा घड्याळांच्या जाहिरातीत मशीनचा नंबर आणि सेल शेवटचा कधी बदलला हे दोन तपशील मागून घ्यावेत. एका ओळीचं काम आहे. जो देणार नाही, त्याची जाहिरात तशीच छापा. वाचक काय ते ओळखतील.

भाच्याचं म्हणाल तर सौदा अजून लटकलेला आहे. विकणारा घड्याळ दोन दिवस द्यायला तयार झालाय, पण पूर्ण रक्कम अनामत मागतोय. मी म्हणतो, निम्मी दे आणि कागदावर लिहून घे. भाच्याला रविवारच्या सामन्याची घाई आहे. त्या सामन्यापुरतं माझं जुनं डिजिटल स्टॉपवॉच वापर म्हटलं, तर त्याला ते शोभत नाही म्हणे!

आपला,
एक जुना वाचक,
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर