बियाणे दळायला काढू नका

महोदय,

माझा मुलगा ज्या छोट्या फुटबॉल क्लबात खेळतो, त्याच्या बैठकीला गेल्या महिन्यात मी उपस्थित होतो. खजिनदारांनी वही उघडून मैदानाचे भाडे, प्रशिक्षकांचे मानधन, स्पर्धांचे शुल्क, दिव्यांचे बिल असे एकेक वाचून दाखवले, आणि तुटीचा आकडा समोर आल्यावर अर्ध्या तासात ठरले ते असे, की तेरा वर्षांखालील मुलांची बॅच बंद करावी आणि वाचलेल्या पैशांतून वरिष्ठ संघासाठी बाहेरचे दोन खेळाडू आणावेत. लीगमध्ये वरचा क्रमांक आला तर प्रायोजक मिळेल, ही त्यामागची आशा. मुलांच्या सरावात घालायच्या बिब (बिनबाह्यांच्या रंगीत जर्सी) गोणीत भरून कपाटावर गेल्याही. (त्या आम्ही पालकांनीच वर्गणी काढून आणल्या होत्या, हे जाता जाता.)

पैशाचे सोंग आणता येत नाही हे मला मान्य आहे. परंतु वरच्या क्रमांकाने क्लब वाचतो, हा समज निदान पुणेकरांनी तरी बाळगू नये. पुणे एफसी हा क्लब २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये, म्हणजे देशातल्या तेव्हाच्या सर्वोच्च फुटबॉल लीगमध्ये, उपविजेता ठरला आणि २०१५ मध्ये त्याचा वरिष्ठ संघ बंद झाला. पुण्याचाच भारत एफसी एकाच मोसमात आटोपला, शिवाजीयन्स २०१७ मध्ये आय-लीगमधून बाहेर पडला. एफसी पुणे सिटी २०१७-१८ मध्ये इंडियन सुपर लीगच्या (आयएसएल) उपांत्य फेरीत खेळला आणि २०१९ मध्ये त्याची जागा हैदराबादकडे गेली. या पडझडीत पुढे चालवायला घेणारा मिळाला तो मुलांना घडवणाऱ्या पुणे एफसीच्या अकादमीला. तिथेच घडलेला आशिक कुरुनियन पुढे भारताकडून खेळला.

जर्मनीतील बोरुसिया डॉर्टमुंड २००५ मध्ये दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होता. महागड्या खेळाडूंचा नाद सोडून त्याने तरुणांवर भिस्त ठेवली आणि २०११ व २०१२ मध्ये सलग जर्मन लीगचे विजेतेपद मिळवले. त्या संघातला मारियो गोट्झे क्लबच्याच अकादमीतला होता. अर्थात त्यांच्या मैदानावर ऐंशी हजार प्रेक्षक येतात आणि आमच्याकडे पालक व चहावाला, त्यामुळे तुलना फार ताणण्यात अर्थ नाही.

आमचा हिशेब त्याहून साधा आहे. मुलांच्या फीतून त्यांचा खर्च पूर्ण भागत नाही हे खरे, पण खजिनदारांच्या वहीत दर महिन्याला न चुकता जमा होणारी रक्कम तेवढी एकच आहे. बॅच बंद करून मैदानाचे भाडेही कमी होणार नाही, कारण त्याच दोन तासांत उरलेल्या अर्ध्या मैदानावर वरिष्ठ संघ सराव करतो. म्हणजे वाचणार आहे ते एका प्रशिक्षकाचे मानधन, आणि त्यासाठी आपण पेरणीचे बियाणे दळायला काढत आहोत.

कार्यकारिणीने हा निर्णय मागे घ्यावा. दोन वर्षे वरिष्ठ संघ स्थानिक मुलांवरच चालवावा, त्यात खालच्या गटात जावे लागले तरी चालेल. आणि त्या संघाचा खर्च हाती आलेल्या रकमेपुरताच ठेवावा, मिळू शकणाऱ्या प्रायोजकाच्या भरवशावर नव्हे. महापालिकेनेही आपली मैदाने सकाळच्या वेळेत लहान वयोगटांच्या सरावासाठी सवलतीच्या दरात द्यावीत, ही विनंती.

आपला,
एक पालक, औंध, पुणे