जळणात जाणाऱ्या रिपा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आमच्या वाड्यावरचे एक जुने घर पाडले. कौले उतरवून नीट रचून ठेवली, कारण कौलांना गिऱ्हाईक असते. छपराच्या माडाच्या रिपा, वासे आणि फणसाच्या दोन खिडक्या मात्र जेसीबीने एका ढिगात लोटल्या. संध्याकाळी त्यातल्याच लाकडावर कामगारांचा चहा उकळत होता. मी स्कूटर थांबवून विचारले, तर मुकादम म्हणाला, "काका, जाय तें व्हरात." म्हणजे हवे ते घेऊन जा.

निवृत्तीनंतर मला सुतारकामाचा नाद लागला आहे. मेस्ताच्या, म्हणजे कसलेल्या सुताराच्या, हाताची सफाई माझ्यात नाही, पण पाट, फडताळ, चौरंग एवढे जमते. या नादात पैसा जातो तो हत्यारांत नव्हे, लाकडात.

दोन वर्षांपूर्वीच्या जुलैत चौरंगासाठी वखारीतून आंब्याच्या फळ्या आणल्या. फळी सव्वासात इंच रुंद, हिशेब आठ इंचांचा. "असेच धरतात," असे उत्तर मिळाले. म्हणजे दर दहा फळ्यांमागे एका फळीचे पैसे फुकट! जाडीचीही तीच गत. एक इंच म्हणून घेतलेली फळी दोन्ही बाजूंनी रंधा मारला की पाऊण इंच उरते. हे गृहीत धरूनच हिशेब करावा लागतो. पण त्याहून मोठी चूक माझी स्वतःची. भर पावसात ओले लाकूड घेऊन लगेच जोडले. लाकूड सुकताना लांबीत जवळपास आटत नाही, रुंदीत आटते. चतुर्थीला दिमाखात बसलेल्या चौरंगाला डिसेंबरात अशी फट पडली की तीतून आठ आण्याचे नाणे आरपार जाई. एक इंच जाडीची फळी सावलीत, खाली पट्ट्या देऊन, वर्षभर ठेवावी असे जुने मेस्त सांगतात. माझ्याकडे तेवढा धीर नव्हता.

म्हणून गेल्या वर्षी माटोळीची, म्हणजे चतुर्थीला गणपतीच्या वर फळे-भाज्या टांगायची, चौकट नवी करताना वखारीत गेलोच नाही. सहा फूट बाय चार फूट चौकट, लांबीच्या पाच रिपा, आडव्या सात. दोन इंच बाय एक इंचाच्या रिपा धरल्या तर एकूण 58 फूट. घनफूट काढायचे तर लांबी फुटांत, रुंदी-जाडी इंचांत घ्यावी, गुणावे आणि 144 ने भागावे; उत्तर येते 0.8. हा आकडा खिशात असला की दुकानदार "घ्या दोन घनफूट" म्हणाला तरी आपण बधत नाही. मी भंगारअड्ड्यावरून जुन्या घराच्या रिपांचा भारा चारशे रुपयांना उचलला. निम्म्या रिपा टाकाऊ निघाल्या, तरी काम भागले.

जुन्या लाकडात दोन वैरी असतात, खिळा आणि भुंगा. तुटका खिळा वरून दिसत नाही. रंध्याचे पाते एकदा बोथट झाल्यावर मी जुन्या स्पीकरमधला लोहचुंबक रिपेवरून फिरवू लागलो. तो जिथे चिकटतो तिथे पटाशीने उकरायचे. भुंगा ओळखायला रीप जमिनीवर आपटावी. बारीक पिठासारखा भुसा गळला तर ती घरात आणू नये, इतर लाकडालाही लागण होते. बाकीचे लाकूड कित्येक पावसाळे खाऊन बसलेले असते, आटायचे तेवढे आटलेले. नारळ, चिबूड, तोरिंजने, सुपारीचे घोस एवढे ओझे टांगूनही माझी चौकट जराही वाकली नाही.

वेर्ण्याच्या कारखान्यांकडे आलेल्या यंत्रांच्या पेट्यांचे पाईनही स्वस्तात मिळते. घेताना शिक्का बघावा. एचटी म्हणजे उष्णता दिलेले लाकूड. एमबी असेल तर विषारी धुरी दिलेली असते, ते घरात नको.

मुद्दा एवढाच की घर पाडणाऱ्याला लाकूड नकोसे असते आणि माझ्यासारख्याला ते हवे असते, पण दोघांची गाठ पडते ती जेसीबी येऊन गेल्यावर. उभे झाड तोडायला गोव्यात 1984 च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली परवानगी लागते; छपरात पडून असलेले तयार लाकूड जाळायला मात्र कोणी विचारत नाही. आपल्या छोट्या जाहिरातींत आठवड्यातून एकदा "जुने लाकूड" म्हणून चार ओळींची जागा द्याल का? गाव, लाकूड आणि पाडण्याची तारीख एवढे पुरे. पहिली जाहिरात मीच देतो: त्या ढिगातून आणलेली फणसाची एक खिडकी माझ्या पडवीत उभी आहे, तिला बिजागऱ्यांची जोडी हवी आहे.

आपला,
एक हौशी सुतार, कुर्टी-फोंडा