पासिंगआधी गाडीच्या पोटाला काळा रंग नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळी उलटली की आमच्या दापोली-हर्णै भागात वॉशिंग सेंटरांवर ‘दोन तासांत अंडरकोटिंग’ असे फलक लागतात, ते थेट पावसाच्या तोंडापर्यंत असतात. अंडरकोटिंग म्हणजे गंज धरू नये म्हणून गाडीच्या तळाला मारायचा काळा थर. नव्या गाडीला कोटिंग जरूर करावं. माझी तक्रार जुन्या गाड्यांच्या कोटिंगबद्दल आहे. बारा-पंधरा वर्षं खाऱ्या हवेत फिरलेल्या गाडीखाली पाण्याचा फवारा मारायचा, ती नीट सुकायच्या आत गंजावरच डांबरी कोटिंग उडवायचं आणि ‘आता पाच वर्षं खाली बघायला नको’ असं सांगून मालकाची बोळवण करायची, हा प्रकार थांबला पाहिजे. मी पत्र्याचं काम करतो. अशा गाड्या दोन-तीन पावसाळ्यांनी माझ्याकडे येतात, तेव्हा रंगवण्याजोगं काही उरलेलं नसतं, कापून काढावं लागतं.

लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. म्हणून तो पापुद्र्यापापुद्र्याने फुगतो आणि वरचं कोटिंग आतून उचलतो. त्या फटीत पाणी शिरतं, पण बाहेर पडायला त्याला वाट नसते. त्यात मीठ असेल तर विचारूच नका. मीठ दमट हवेतला ओलावा ओढून धरतं, त्यामुळे पाऊस नसतानाही कोटिंगखालचा पत्रा ओला राहतो. उघडा गंज निदान उन्हात सुकतो आणि डोळ्यांना दिसतो. झाकलेला गंज यातलं काहीच करू देत नाही.

गेल्या मे महिन्यात आंब्याच्या पेट्या पुण्याला नेणारी एक जुनी पिकअप माझ्याकडे आली. मालकाचं म्हणणं एवढंच, की मागे पत्रा वाजतो. खालून पाहिलं तर सगळं काळंभोर, तुकतुकीत. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने चेसिस, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा, ठोकत मागे गेलो. चांगलं लोखंड टणटण वाजतं. मागच्या पाट्याच्या (चाकावरच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगच्या) ब्रॅकेटजवळ आवाज बद्द झाला. टोक जरा दाबलं तर कोटिंगचा तुकडा सालीसारखा सुटला आणि आतून ओला तांबडा भुगा मनगटावर पडला. मग मागच्या ब्रेककडे जाणारी लोखंडी नळी पाहिली. ही नळी चेसिसला क्लिपांनी धरलेली असते आणि नेमकं त्या क्लिपांखालीच माती, मीठ, पाणी साठतं. क्लिप काढली, तर तिथे नळी जाड झालेली दिसली. तारेचा ब्रश हलक्या हाताने फिरवला, पापुद्रे गळाले आणि ब्रेक ऑइलचा थेंब बाहेर आला. पेट्या भरून ही गाडी ताम्हिणी घाटातून ये-जा करत होती, आणि तिचं पासिंग, म्हणजे आरटीओची तपासणी, नुकतंच झालं होतं.

पासिंगला ब्रेक लागतो की नाही हे पाहतात, आणि त्या दिवशी तो लागलाही असेल. पण नळीचं लोखंड किती उरलं आहे, हे ब्रेक दाबून कळत नाही. त्यासाठी खाली शिरून, बॅटरी मारून बघावं लागतं. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाड्यांचं पासिंग दरवर्षी होतं, खासगी गाडी 15 वर्षांनी तपासून घ्यावी लागते आणि पुढे दर 5 वर्षांनी. या तपासणीच्या आदल्या आठवड्यात ‘खालून जरा काळा मारून द्या’ म्हणून लोक येतात. मी त्यांना परत पाठवतो. कोटिंग पासिंगनंतर करा, आधी नको, एवढं सांगतो.

काम नीट करायचं तर हवा कोरडी हवी, म्हणजे आमच्याकडे दिवाळी ते होळी. आधी गोड्या पाण्याने खालून भरपूर धुवायचं. खाडीकाठच्या कितीतरी विहिरी एप्रिल-मे महिन्यांत मचूळ होतात. त्या पाण्याने गाडी धुणं म्हणजे तळाला पुन्हा मीठ लावणंच आहे. धुतल्यावर गाडी दोन-तीन दिवस उन्हावाऱ्यात सुकू द्यावी, आतलं मॅटिंगही काढून ठेवावं, कारण निम्म्या गाड्यांचा तळ वरून, ओल्या मॅटिंगखालीही सडत असतो. मग तारेचा ब्रश, ग्राइंडर आणि पॉलिश पेपर घेऊन लोखंडाची चकाकी दिसेपर्यंत घासायचं. जिथे पत्र्यात जोर नाही तो भाग कापून त्याच जाडीचा पत्रा वेल्डिंग करायचा. भोकावर फायबरचा तुकडा आणि पुटी लावून दिलेली गाडी कोणीही ताब्यात घेऊ नये. ओम्नीसारख्या गाडीला तर खाली वेगळी चेसिस नसतेच, दाराखालची पट्टी आणि तळ यांवरच सगळा भार असतो. तिथे पुटी भरली तर पंक्चर काढताना जॅक आत घुसतो, आणि धडक बसली तर काय होईल ते सांगायला नको.

खड्ड्याखड्ड्यांत उरलेला गंज ब्रशने निघत नाही. त्याला फॉस्फोरिक ॲसिडचं रस्ट कन्व्हर्टर लावायचं. त्याने गंज काळा पडून बसतो. ते वाळलं की त्याच दिवशी प्रायमर मारायचा. उघडं घासलेलं लोखंड आमच्या हवेत एका रात्रीत तांबूस होतं. जस्ताचा प्रायमर मिळाला तर उत्तम, कारण लोखंडाच्या आधी जस्त झिजतं. त्यावर रंगाचे दोन हात, आणि मग हौसेने कोटिंग. सायलेन्सर, ब्रेक, रबरी बुश यांवर फवारा जाता कामा नये. चेसिसच्या आणि दाराखालच्या पट्टीच्या पोटात पाणी निथळायला भोकं ठेवलेली असतात. घाईच्या कामात ती हमखास बुजतात. ती तारेने मोकळी करून, त्यांतूनच आत मेण फवारायचं, कारण आतला गंज बाहेर दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो.

जळकं ऑइल मारायची पद्धत अजून आहे. त्याने गंज थोडा लांबतो हे खरं, पण रबर फुगून मऊ पडतं आणि पहिल्या पावसात ते सगळं वाहून कुणाच्या तरी विहिरीकडे जातं. ते बंदच करावं.

आता मीठ येतं कुठून तेही लिहितो. खारी हवा कोणाच्या हातात नाही. पण हर्णै बंदरातून मासळी भरून निघालेल्या गाड्यांमधून बर्फाचं खारं पाणी रस्त्यावर सांडत जातं, आणि मागून येणाऱ्या प्रत्येक गाडीच्या तळाला ते लागतं. त्या रस्त्यावर दुचाक्या घसरतात ते निराळंच. पाणी साठवणारी टाकी बसवल्याशिवाय अशी गाडी बंदराबाहेर सोडू नये. दाभोळ-धोपावे, वेसवी-बागमांडले अशा फेरीबोटींवर चढता-उतरताना रॅम्पच्या टोकाशी चाकं खाऱ्या पाण्यातून जातात. जेटीपासून जवळ गोड्या पाण्याचा एक पाइप आणि उतार असलेला चौथरा केला तर लोक वीस-तीस रुपये आनंदाने देतील. आणि कर्दे, मुरूडच्या किनाऱ्यावर लाटांतून गाडी पळवणाऱ्या पाहुण्यांना मला कळकळीने सांगायचं आहे, की ती वाळू आणि ते मीठ तुमच्याबरोबर घरी येतं, आणि गाडी वरून पुसली तरी खाली तसंच राहतं.

परिवहन खात्याला विनंती आहे, की किनारपट्टीच्या तालुक्यांत जुन्या गाड्यांची तपासणी खड्ड्यावर किंवा रॅम्पवर घेऊन व्हावी. पाट्याचे ब्रॅकेट, चेसिस आणि ब्रेकच्या नळ्या बॅटरी आणि हातोडी घेऊन पाहाव्यात, आणि तळाला ताजं कोटिंग दिसलं तर क्लिपांखालची नळी मोकळी करून दाखवायला सांगावी.

गाडीमालकांनी कोटिंग करून घेताना एक अट घालावी: घासलेल्या पत्र्याचे फोटो आधी मोबाइलवर पाठवा, मग काळा फवारा मारा. ज्या सेंटरवाल्याला हे जमणार नसेल, त्याच्याकडून गाडी फक्त गोड्या पाण्याने खालून धुऊन घ्यावी आणि निघावं.

आपला,
पत्र्याचं काम करणारा एक वाचक, दापोली (जि. रत्नागिरी)