मनोऱ्यांआधी हद्दी जुळवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

साताऱ्याहून यवतेश्वरमार्गे कास-बामणोलीकडे जाताना घाटात फोनवर रेंजच्या सगळ्या काड्या दिसतात, तरी पलीकडच्याचे बोलणे तुटत येते आणि माथा ओलांडून वळण घेतले की कॉल बंदच पडतो. यावर ‘मनोरे वाढवा’ एवढी एकच मागणी सर्वत्र ऐकू येते. दूरसंचार क्षेत्रात तांत्रिक काम केलेला असल्याने मला ती अपुरी वाटते.

काड्या सिग्नलचे बळ दाखवतात, त्याची शुद्धता नव्हे. शिवाय किती बळाला किती काड्या, हे ज्या-त्या हँडसेट कंपनीने आपापल्या सोयीने ठरवलेले असते. उंचावर शहरातले अनेक मनोरे फोनला एकदमच ऐकू येतात आणि एकाच वारंवारतेवरच्या त्यांच्या लहरी एकमेकींना बाधतात. माथ्यापलीकडे शहर डोंगराआड गेले, की तोच सिग्नल क्षणात वीस डेसिबलनेही कोसळू शकतो, म्हणजे शक्ती शंभरावा हिस्साच उरते. फोन शेजारच्या मनोऱ्यांचे बळ सतत मोजून कळवत असतो, आणि त्यांपैकी एखादा ठरावीक फरकाने ठरावीक वेळ वरचढ राहिला, तर कंपनीचे जाळे (नेटवर्क) कॉल त्याच्याकडे सोपवते. हा फरक फार कमी ठेवला तर कॉल दोन मनोऱ्यांत नुसता टोलवला जातो, फार जास्त ठेवला तर हस्तांतराचा निरोप पोहोचण्याआधीच जुना दुवा तुटतो; आणि पलीकडचा मनोरा शेजाऱ्यांच्या यादीतच नसला, तर बोलणेच खुंटले.

मनोऱ्यांच्या हद्दी अशा जुळवायला, म्हणजे अँटेनाचा कल, हा फरक आणि ही यादी तपासायला, नवा मनोरा लागत नाही. उलट त्याशिवाय माथ्यावर उभारलेला मनोरा बाधेत भरच घालील. शिवसागर जलाशयाकाठच्या ज्या वाड्यांत मुळात रेंजच नाही, तिथली मागणी अर्थातच रास्त आहे.

माझ्या कंपनीकडे मी दोनदा तक्रार केली. ‘फोन बंद करून पुन्हा सुरू करा’ एवढेच उत्तर मिळाले.

दूरसंचार नियामक प्राधिकरणाने (ट्राय) तुटणाऱ्या कॉलची मर्यादा दोन टक्के ठेवली आहे. पण मोठ्या क्षेत्राच्या सरासरीत घाटाची दोन वळणे सहज बुडून जातात. २०२४ च्या नियमावलीनुसार कंपन्यांना सेवाक्षेत्राचे नकाशे संकेतस्थळावर द्यावे लागतात. चालत्या गाडीतला कॉल कुठे तुटतो, हे मात्र त्या नकाशावरून कळत नाही. म्हणून या रस्त्यावर प्रत्यक्ष गाडी फिरवून चाचणी घ्यावी आणि तिचे निष्कर्ष वळणावार जाहीर करावेत. चाचणी कासच्या फुलांच्या हंगामातल्या रविवारी घ्यावी, कारण मोकळ्या मंगळवारी जाळ्यावर ताणच नसतो.

आपला,
एक वाचक, सातारा